हार्ट फेल्युअरचे पेशंट खेड्यात जास्त का खालावतात?

तुम्ही विचारलंय की वडील आणि काका दोघांनाही हार्ट फेल्युअर (म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, गरजेइतकं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडणं), दोघांच्या हृदयाचं पंपिंग जवळपास सारखं, गोळ्यांची नावंही तीच, मग शहरातले काका दोन वर्षं ठणठणीत आणि खेड्यातले वडील वर्षात तीनदा ॲडमिट, असं का. मी हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत नर्स आहे, अकरा वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे रोज जे बघते त्यावरून सांगते.

आधी हे, की घरातल्या दोनच माणसांवरून नियम काढता येत नाही, वय, किडनी, शुगर, हार्ट फेल्युअर मुळात कशामुळे झालं, कशातही फरक असू शकतो. पण तुमची शंका चुकीची नाहीये. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या सुमारे २७ हजार लोकांचा साधारण १३ वर्षांचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात वय, बीपी, शुगर, उत्पन्न हे सगळं हिशेबात धरूनही ग्रामीण लोकांना हार्ट फेल्युअर होण्याचा धोका १९ टक्के जास्त निघाला, कृष्णवर्णीय पुरुषांत तर ३४ टक्के. म्हणजे आजार मुळात व्हायच्या टप्प्यावरच फरक दिसतोय.

आजार झाल्यानंतरचा फरक मात्र, माझ्या मते, हॉस्पिटलात कमी आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जास्त पडतो. कारण असं की पंपिंग कमी असलेल्या पेशंटला साधारण चार प्रकारची औषधं लागतात आणि त्यातली बरीचशी छोट्या डोसपासून सुरू करतात, मग बीपी बघायचं, रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघायचं, सोसतंय असं दिसलं की डोस वाढवायचा, परत तपासायचं. आता दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर यात काही विशेष नाही, पण ज्याला जायला-यायला अख्खा दिवस लागतो, सोबत कुणीतरी लागतं, तो म्हणतो बरं वाटतंय ना, जाऊ पुढच्या महिन्यात, आणि तो पुढचा महिना काही येत नाही.

एक आजोबा आठवतात, डिस्चार्जनंतर थेट आठ महिन्यांनी आले, पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहत होता. पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडली, सगळे डोस पहिल्या दिवशी दिले होते तेच. मी विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही दिल्या त्याच घेतोय, एकही चुकवली नाही." आणि खरंच चुकवली नव्हती हो! आठ महिने इमानदारीने सुरुवातीचाच डोस घेतला, कारण तो वाढवायचा असतो हे त्यांना कुणी नीट समजावूनच सांगितलं नव्हतं, त्यात आम्हीही आलो. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

ही वाढ वेळेत करण्याने किती फरक पडतो ते २०२२ च्या स्ट्रॉंग-एचएफ ट्रायलमध्ये दिसलं. एका गटाचे डोस डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेले आणि दोन महिन्यांत वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे परत ॲडमिट होण्याचं प्रमाण त्या गटात १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के.

दुसरी गोष्ट उशिराची. अंगात पाणी साठायला लागलं की वजन आधी वाढतं, दम नंतर लागतो, मधले काही दिवस हातात असतात. जवळचा पेशंट तिसऱ्या दिवशी येतो, लघवीची गोळी वाढवून घेतो आणि घरी जातो. लांबचा म्हणतो वय झालं, दमतोच माणूस, उशाला दोनाच्या तीन उशा होतात, रात्री बसून काढायची वेळ येते तेव्हा निघतात, मग ॲडमिट करण्यावाचून पर्याय नसतो.

पण लांब राहणं म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही, हे मी मनापासून सांगतेय. जर्मनीत टिम-एचएफ२ नावाची ट्रायल झाली, २०१८ मध्ये निकाल आले, १५०० हून जास्त पेशंट. एका गटाचं वजन, बीपी, ईसीजी रोज घरूनच बर्लिनच्या केंद्रात जायचं आणि तिथे चोवीस तास डॉक्टर-नर्स बघायला. मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरात ११.३ वरून ७.९ वर आलं आणि हा फायदा खेड्यातल्यांना आणि शहरातल्यांना सारखाच झाला.

तेवढी यंत्रणा नसली तरी एक वजनकाटा आणि फोन एवढ्यावर बरंच निभतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता फोन. रक्त जवळच्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट फोनवर पाठवता येतो का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलं काही परस्पर देऊ नका, त्याने पाणी साठतं, हे फार होतं. डोसही स्वतःच्या मनाने वाढवू नका. आणि बसल्याजागी दम लागतोय, छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडले असं काही झालं तर फोन-वही सोडा, सरळ घेऊन जा.

आज रात्री एवढं करा, वडिलांचं पहिलं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावरचा डोस आत्ताच्या पाकिटावरच्या डोसशी ताडून बघा. आकडा तोच असेल तर डॉक्टरांना विचारा, हा मुद्दाम इथेच थांबवलाय की वाढवायचा राहून गेलाय.