प्रशिक्षण चांगलं झालं, पण तक्त्याने घात केला

मुलांच्या खेळाबद्दल दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, साहित्य आलं, तरी शाळेनंतरच्या केंद्रात मुलांना सांभाळणारे ताई-दादा दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारतात आणि मुलं खेळ सोडून उठतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसूच आलं. हाच गोंधळ मी तीन वर्षं घातलाय. खेळ का महत्त्वाचा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देते.

माझी घोडचूक एका तक्त्यात होती. निधी देणाऱ्या कार्यालयाने (नाव घेत नाही) नमुना पाठवला: उपक्रम, वेळ, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे मुलांनी त्यातून काय शिकायचं), किती मुलांनी साध्य केली. दर अर्ध्या तासाला एक ओळ. मी तो निमूटपणे प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला वाटला. दोन दिवस घसा कोरडा करून सांगितलं की मुलांना पुढाकार घेऊ द्या, आणि जाता जाता हातात हिशेबाची वही दिली. लक्षात काय राहणार? वहीच.

पुढच्याच आठवड्यात बघते तर दोन मुली ठोकळ्यांचा पूल बांधतायत आणि शेजारी ताई: "निळे किती? हा आकार कुठला?" पाचव्या प्रश्नाला मुली उठल्या आणि दप्तरं आवरायला लागल्या. ताईंचा रकाना मात्र भरला. मी काय करावं? ताईंनाच दोष दिला आणि त्याच विषयाचं आणखी एक प्रशिक्षण लावलं!

कार्यालयाला तीनदा लिहिलं, की हा रकाना बदला. "नमुन्यात बदल करता येणार नाही." चौथ्यांदा फोन केला तर सल्ला मिळाला, "रिकामा ठेवू नका, काहीतरी लिहा." मग वर्षभर काहीतरीच लिहिलं. त्या कागदांची अजून लाज वाटते.

शेवटी तक्ता मी स्वतःकडे घेतला. ताई-दादांनी रोज एकच ओळ लिहायची: आज काय पाहिलं. त्यावरून आठवड्याने मी रकाने भरायचे. मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीचं ते वर्तुळ सगळ्याच प्रशिक्षणांत काढतात: मुलाला एकट्याला जमतं ते आत, मदतीने जमेल ते त्याच्या बाहेर. पण एकट्याला कुठवर जमतं हे आधी बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून पहिली 10 मिनिटं हात मांडीवर, प्रश्न बंद. नंतर मुलांनी खेळात घेतलं तर जायचं, नाहीतर फार तर एखादी वस्तू जवळ सरकवायची. प्रश्न विचारायचाच तर ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही असा. (मारामारी किंवा इजा होत असेल तर अर्थातच लगेच मध्ये पडा, दहा मिनिटं मोजत बसू नका.)

प्रशिक्षणात स्लाइड कमी करा आणि मोठ्यांना खेळायला लावा. आम्ही खोकी, दोऱ्या, चादरी टाकून 40 मिनिटं मोकळी सोडली आणि एका सहकाऱ्याला मुद्दाम "याचा रंग कुठला? मोजा बघू!" विचारत फिरायला लावलं. पाच मिनिटांत लोक वैतागले. एक दादा म्हणाले, "अहो, जरा गप्प बसा ना!" तिथेच थांबून चर्चा घेतली. महागडे संच घेऊ नका, हे माझं ठाम मत. ब्रिटिश कलाकार सायमन निकोलसन यांनी 1971 मध्ये सुट्या वस्तूंबद्दल मांडलं तेच खरं: जितकं हलवता-बदलता येईल, तितकं मुलांना सुचतं.

आणखी एक, जे मूल नुसतं बघत उभं असतं त्याला ओढून आणू नका. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये खेळातल्या सहभागाचे प्रकार मांडले, त्यात हे बघणंही आहे. मात्र त्यांची निरीक्षणं शाळापूर्व वयाच्या मुलांची होती, त्यामुळे मोठ्या मुलांना त्या पायऱ्या लावत बसू नका. मी काही मानसतज्ज्ञ नाही. आमची मुलं 6 ते 11 वयाची होती. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी जाणकाराला विचारा.

गृहपाठ आधी की खेळ आधी, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या मते खेळ आधी, दिवसभर बसून आलेली असतात ती. पण यावर माझं आणि आमच्या निम्म्या ताई-दादांचं अजून पटलेलं नाही, पालकांचं तर नाहीच नाही.