चवथीच्या भजनात घूं आवाज नको

प्रश्न : चवथीला घरच्या भजनासाठी छोटा ॲम्प्लिफायर केला आहे. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर आणि पुढे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारी ७८१२ आयसी. आवाज वाढवला (तेव्हा करंट ८०० मिलिअँपिअरपर्यंत जातो) की स्पीकर घूं करतो. कपॅसिटरचं डोकंही फुगलंय. २२००चा लावू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : फुगलेला कपॅसिटर आजच काढा. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात. भजन थांबलं, लोड उतरला, की छोटा ट्रान्सफॉर्मर सहज १४ देतो. त्याचं शिखर, म्हणजे लाटेचा सर्वांत उंच बिंदू, जवळपास २० व्होल्ट. डायोडांत थोडं गळलं तरी १६ व्होल्टच्या डब्यावर १८ बसतात, म्हणून तो फुगला.

आता घूं. ब्रिजनंतर सेकंदाला १०० ठोके येतात, म्हणजे दोन ठोक्यांत १० मिलिसेकंद. तेवढा वेळ लोडला कपॅसिटर एकटा पोसतो, आणि त्यात व्होल्टेज किती खाली येतं हे करंट गुणिले वेळ भागिले कपॅसिटन्स एवढ्यावरून कळतं. तुमचं ०.८ गुणिले ०.०१ भागिले ०.००१, म्हणजे ८ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडं कमी, पण हिशेब असाच वाईट बाजूने धरावा. लोडवर, डायोडांनंतर, शिखर १५ धरलं तर तळ ७ व्होल्टांवर. ७८१२ला आत निदान १४ ते साडेचौदा लागतात. तळ त्याखाली गेला की आयसी सांभाळू शकत नाही आणि ती १०० हर्ट्‌झची लाट थेट स्पीकरला पोचते.

२२०० लावलात तर घसरण साडेतीनची, तळ साडेअकरा. ४७०० लावा, तरी तळ १४च्या आतच. म्हणजे दोष एकट्या कपॅसिटरचा नाही, ट्रान्सफॉर्मरच अपुरा आहे. माझं स्पष्ट मत : १५ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या. कपॅसिटर झटक्याझटक्याने भरतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला डीसी करंटपेक्षा बराच जास्त भार पडतो. त्याच्याबरोबर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. रिकाम्या लोडवर शिखर २५पर्यंत चढू शकतं, म्हणून २५ व्होल्टचा नको. तळ १७च्या आसपास राहील. २२०००चा आणू नका, डायोडांना सुरुवातीचा झटका उगाच मोठा बसतो.

दुकानदार ८५ अंशांचा पुढे करेल, तुम्ही १०५ अंशांचाच मागा. इलेक्ट्रोलायटिक दर १० अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. नव्या जोडणीत ७८१२वर साधारण ५ वॅट उष्णता होईल. हीटसिंक लागेलच, पण कपॅसिटर त्याला चिकटवू नका. आयसीच्या पायांशी आत (इनपुटला) ०.३३ आणि बाहेर (आउटपुटला) ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर हवेत. मोठा डबा जलद चढउतार नीट शोषत नाही.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत पायांवर आणि सोल्डरवर हिरवट थर धरतो. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसा, बोर्डला वार्निशचा हात द्या.

शेवटी, कपॅसिटरच्या दोन टोकांना २.२ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा, म्हणजे बंद केल्यावर त्यात साठलेला चार्ज उतरतो. बंद केल्यावर मिनिटभर थांबा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला.