बंगळुरूची गाडी, मुलुंडचा पाडवा

प्रश्न : नमस्कार काका. अकरा वर्षं पैसे साठवून मी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय बुक केली आहे. मुंबईत मला हव्या त्या रंगाची गाडी उरली नव्हती, म्हणून बंगळुरूच्या शोरूममधून घेतोय. ते म्हणतात, पूर्ण पैसे भरा, ट्रेलरने घरपोच पाठवतो. मला मात्र ती स्वतः चालवत आणायची आहे. बाबा (वय ६८) सोबत येणार आहेत आणि ताबा गुढीपाडव्यालाच घ्यायचा, असा त्यांचा हट्ट आहे. कागदपत्रांचं आणि नव्या इंजिनाचं कसं करू?
— अ. स., मुलुंड (पूर्व)

उत्तर : चालवतच आणा. फक्त पाडव्याला ताबा घेऊ नका. आपल्याकडे पाडवा असतो तेव्हा बंगळुरूत उगादी असते. त्या दिवशी शोरूममध्ये गाड्यांची रांग आणि हारांचा ढीग असतो, तुमच्या गाडीकडे नीट बघायला कोणालाही वेळ नसतो. पाच-सहा दिवस आधीचा, आठवड्याच्या मधला वार ठरवा आणि सकाळी शोरूम उघडताच पोचा. मुहूर्त घरच्या पूजेला ठेवा, बाबांना हे पटेल.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझी पहिली टर्बो गाडी मी दुसऱ्या राज्यातून, दसऱ्याच्या संध्याकाळी घेतली होती. ट्यूबलाइटच्या झगमगाटात सही केली, पेढे घेतले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर ऊन तिरकं पडलं होतं, तेव्हा मागचं डावं दार बाकीच्या अंगापेक्षा किंचित गडद दिसलं. वाकून पाहिलं तर काचेखालच्या रबरावर रंगाचे बारीक कण चिकटलेले. दार पुन्हा रंगवलेलं होतं. शोरूमने हात वर केले, कारण ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली माझीच सही होती. सात वर्षं ती गाडी वापरली आणि दर वेळी धुताना फडकं त्या दारापाशी थांबायचं. तुमच्या अकरा वर्षांच्या बचतीचं असं होऊ नये.

म्हणून गाडी उघड्यावर, उन्हात काढायला सांगा. हार-फुलं नंतर. प्रत्येक पत्र्याकडे तिरकं बघा, दारांच्या रबरांवरून बोट फिरवा. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनंतर जे शेवटचे चार अंक असतात त्यात टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. चारही टायरांचे बघा. हवा स्वतः मोजा. दूरच्या वाहतुकीत टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते आणि ती कमी करायची पुष्कळदा राहून जाते. तशीच गाडी हायवेला काढली तर ती उड्या मारते आणि माणसाला वाटतं, स्पोर्ट्स गाडी आहे, कडक असणारच. चाकाच्या लॉक बोल्टची चावी आणि जॅक डिकीत आहेत का, हेही डोळ्यांनी बघा. फोनवरच्या ‘सगळं आहे सर’वर जाऊ नका.

आता पैसे. १७ अंक-अक्षरांचा चेसिस नंबर तुमच्या नावावर लेखी मिळाल्याशिवाय बुकिंगच्या रकमेपुढे जाऊ नका. जमल्यास एखाद्या शनिवारी विमानाने जाऊन तीच गाडी बघून या आणि मग उरलेले पैसे भरा. लाँचच्या वेळीच हिची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख होती. त्यापुढे एका तिकिटाचा खर्च काहीच नाही. बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी वसूल केलेला आयकर, दिसेल. १० लाखांवरच्या गाडीला तो लागतोच आणि रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, त्यावरून भांडू नका.

कर्नाटकचा आजीवन कर भरायचा नाही. तिथे फक्त तात्पुरती नोंदणी करून घ्या. कर मुंबईत भरायचा. तुमची गाडी आयात केलेली आहे आणि आयात गाडीचा दर देशी गाडीपेक्षा जास्त असतो, तेव्हा वडाळ्याच्या आरटीओला आधी विचारून रक्कम बाजूला काढून ठेवा. तात्पुरत्या नंबरची पाटी पिवळी आणि अक्षरं लाल असतात. प्रिंटआउट काचेला चिकटवून ‘चालतं हो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. विमा पॉलिसीवर पत्ता मुलुंडचा हवा, आणि ती कोणत्या वेळेपासून लागू आहे तेही वाचा. विमा संध्याकाळपासून आणि तुम्ही दुपारी रस्त्यावर, असं झालं तर वाटेत वाली कोणी नाही. फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) मूळ प्रतीत घ्या, कर्ज असेल तर ३४ (कर्जाच्या नोंदीचा) सुद्धा. फास्टॅग चालू झाल्याची खात्री शोरूमच्या फाटकातच करा.

आणि आता ज्यासाठी तुम्ही निघालात ते. बंगळुरू ते मुंबई साधारण हजार किलोमीटर. कंपनीच्या पुस्तिकेतही पहिले हजार किलोमीटर इंजिनाला जपायला सांगितलेलं असतं. २६५ पीएस ताकदीची गाडी हाताशी असताना पाय आवरणं सोपं नाही, पण आवरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा चार हजारांच्या वर नको, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नको. तासन्‌तास एकाच वेगात जाऊ नका. कधी ऐंशी, कधी शंभर, मधून गिअर स्वतः बदला. क्रूझ कंट्रोल पहिल्या दिवशी विसरा. नवे ब्रेक आणि नवे टायरही अजून धरत नसतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. पेट्रोल कोणतं, ते टाकीच्या झाकणाआतल्या स्टिकरवर असतं. ९५ ऑक्टेनचे पंप आधीच बघून ठेवा.

पहिला मुक्काम हुबळीला करा, चारशेच्या थोडं वर पडेल. रात्री चालवू नका. कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी रस्ता अचानक बाजूला वळतो, खडी असते, रस्त्याला पायऱ्या पडलेल्या असतात. तुमच्या टायरच्या बाजूची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची, उंची अगदी कमी आहे (माप २२५/४० आर १८). अंधारातला एक खड्डा रिमला बाक आणायला पुरतो. हा पट्टा दिवसाउजेडी, ट्रकच्या मागे लागून नव्हे तर मोकळा रस्ता दिसेल असा पार करा. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं वळण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिथे गाड्या उलटत आल्यात. हळू.

ट्रेलर मी वाईट म्हणत नाही. जुलै असता तर तोच घ्या म्हटलं असतं.

घरी आल्यावर दोन-चार दिवसांत वडाळ्याला गाडी दाखवा, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपायची वाट बघू नका. तिथे चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने छाप घेतात. तो नंबर कुठे कोरलाय, ते शोरूममध्येच विचारून फोटो काढून ठेवा.

बाबांना कोल्हापुरात अंबाबाईला थांबायचं असेल, जरूर थांबा. पार्किंग देवळापासून दूर घ्या आणि रिक्षाने जा. गल्लीत गाडी अडकली तर दर्शनात मन लागणार नाही. पाडव्याला स्वस्तिक बॉनेटऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायला सांगा. कुंकवातला रंग ताज्या लखलखीत पेंटवर बसतो आणि निघता निघत नाही, काचेवरून ओल्या फडक्याने जातो. नारळ चाकासमोर फोडायचा तर पाणी टायरवर पडू दे, ब्रेक डिस्कवर नको.