वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा राक्षस

प्रश्न : मामांनी बोटीवरून आणलेला, लहानपणी जोडलेला फ्रँकेन्स्टाइन राक्षसाच्या पुतळ्याचा प्लास्टिक संच माळ्यावर सापडला. हात निखळलाय. फेविकॉल चालेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : फेविकॉल नको, तो लाकडा-कागदासाठी. हे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक, त्याचं खास सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, कडा विरघळवून एकजीव करतं. जुना गोंद आधी हलकेच खरवडा. पुन्हा रंगवू मात्र नका, लहानपणीचे फराटे राहू द्यात!

अमेरिकेच्या अरोरा कंपनीने फ्रँकेन्स्टाइन १९६१ साली काढला, पुढच्या वर्षी ड्रॅक्युला. माझा पहिला ड्रॅक्युलाच. मडगावच्या पावसात रंग वाळता वाळेना, पण झग्याचं लाल अस्तर रंगवताना जेवणाचंही भान नव्हतं. दिवाळीत त्याला वाड्यावरच्या नरकासुराच्या पायाशी उभा केला आणि पहाटे दहनाआधी धावत जाऊन उचलला.