जर्मनीत यजमानाघरी राहण्याआधी : पालकांचे प्रश्न, माझी उत्तरं

शाळेत जर्मन शिकणारी आठवी ते दहावीची मुलं मे-जूनमध्ये दोन-तीन आठवडे जर्मनीला जातात. सकाळी तिथल्या शाळेत बसतात आणि राहतात तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी. मी पुण्यात जर्मन शिकवते आणि शाळांसाठी अशा दौऱ्यांची तयारी करून घेते. आमच्या मुलांना घरं मिळतात ती बहुतेक स्टुटगार्टच्या आसपास (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत). दिवाळीनंतर अर्ज वाटले की तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यातले पुष्कळसे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेल्या गोष्टींतून उगवलेले असतात. या खेपेला आलेल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते आहे.

पालकांच्या ग्रुपवर आलंय की आता व्हिसाखेरीज ‘एटियास’ नावाची आणखी एक परवानगी काढावी लागते. खरं का?

नाही. ती व्यवस्था ज्यांना शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणारा) लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला व्हिसा लागतो, विषय संपला. व्हिसाचे नियम वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचावेत, ग्रुपवर नव्हे.

शाळेने नेमलेल्या ट्रॅव्हल कंपनीने व्हिसा शुल्क आणि ‘हमखास व्हिसा’ सेवा असे दोन वेगळे आकडे लावले आहेत. हे बरोबर आहे?

दुसरा आकडा सरळ नाकारा. व्हिसा द्यायचा की नाही हे वाणिज्य दूतावास ठरवतो, त्याची हमी कुठलाही एजंट देऊ शकत नाही.

पहिल्या आकड्याचंही स्पष्टीकरण मागा. शेंगेन व्हिसाचं शुल्क १२ वर्षांवरच्या अर्जदाराला ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. परंतु शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ करण्याची तरतूद शेंगेन व्हिसा संहितेच्या १६ व्या कलमात आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते भरावं लागतं. तुमच्या मुलांचा दौरा या तरतुदीत बसतो का, हे शाळेने दूतावासाला लेखी विचारावं आणि कंपनीने प्रत्येक रकमेची पावती द्यावी. माफ झालेलं शुल्क पालकांकडून वसूल केलं जाणं मला अजिबात मान्य नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. फॉर्ममध्ये ‘व्हेज’ लिहिलंय. पुरे ना?

नाही पुरत. जर्मन घरात शाकाहारी म्हणजे मांस-मासे न खाणारा. अंडं आणि चीज त्याला चालतंच असं ते धरून चालतात. स्टुटगार्टकडचं घरोघरी होणारं श्पेट्झले (शेवयांसारखा प्रकार) अंडं घालून भिजवलेल्या पिठाचं असतं, माउल्टाशनच्या (सारण भरलेल्या पिठाच्या घड्या) सारणात बहुधा मांस असतं, भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचा अर्क असू शकतो आणि मुलं हौसेने खातात त्या गमी-गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. तेव्हा काय चालतं, काय चालत नाही आणि ‘समोर आलं तर खाईन’ असं काय आहे, हे तिन्ही स्वतंत्र लिहा.

कांदा-बटाटाही चालत नसेल तर दौऱ्याला होकार देण्याआधी शिक्षकांशी बोला. बटाट्यावाचून तिथलं स्वयंपाकघर अडतं. संध्याकाळचं जेवण पुष्कळ घरांत थंडच असतं : पाव, चीज, काकडी, टोमॅटो. निघण्याआधी आठवडाभर घरी रात्रीला तेवढंच द्या आणि मूल कसं राहतं ते बघा.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. लहानपणापासून दमा आहे, पण गेल्या दोन वर्षांत मोठा त्रास झालेला नाही. मागच्या बॅचमधल्या एका आईने सांगितलं की आरोग्यपत्रकात लिहू नका, मग कुठलंच कुटुंब घेत नाही. काय करावं?

लिहा. ‘आता त्रास नाही’ एवढं म्हणून थांबू नका. शेवटचा त्रास कधी झाला, कशाने झाला, कोणता पंप (इनहेलर) चालू आहे, सगळं लिहा.

हा सल्ला दर वर्षी एका पालकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि या सगळ्या दौऱ्यात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. आरोग्यपत्रक मुलांना गाळण्यासाठी नसतं. कुठल्या मुलाला कुठलं घर द्यायचं हे त्यावरून ठरतं. जर्मनीत पुष्कळ घरांत मांजर किंवा कुत्रा असतो आणि तो माणसांबरोबर घरातच, कधी पलंगावरही झोपतो. पांघरुणं अनेकदा पिसांची असतात. मे-जून हा तिकडे गवताच्या परागांचा हंगाम आहे. तिथल्याच लोकांचे डोळे आणि नाकं त्या दिवसांत वाहत असतात. दमा असलेल्या मुलाला मांजर नसलेलं घर आणि कापसाचं किंवा कृत्रिम धाग्याचं पांघरूण हवं. हे आधी कळलं तर एका ईमेलमध्ये जमतं. एका मुलीच्या पत्रकात मांजराच्या ॲलर्जीचा रकाना ‘नाही’ असा भरलेला होता. तिसऱ्या रात्री तिला धाप लागली आणि चौथ्या दिवशी घर बदलावं लागलं. मुलगी रडत होती, यजमान आईला वाटत होतं की आपलंच काही चुकलं. चूक त्या दोघींपैकी कुणाचीच नव्हती.

दमा हे एक उदाहरण झालं. आकडी येऊन गेलेली असते, रात्री अंथरूण ओलं होतं, मूल झोपेत चालतं, पाळीच्या दिवसांत मुलीला उभं राहवत नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतात. सगळं झाकलं जातं. पोहण्याबद्दलही तेच. तिथे चौदा वर्षांच्या मुलाला पोहता येतं असं गृहीत धरतात, तळ्यावर जाण्याचा बेत सहज ठरतो. आपल्याकडे संकोचाने ‘येतं’ या रकान्यावर खूण केली जाते. येत नसेल तर ‘येत नाही’ असंच लिहा, मुलालाही तसं सांगायला शिकवा.

विमा काढताना पत्रकाइतकंच खरं बोला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं म्हणून सगळे पॉलिसी घेतात, पण आधीपासूनच्या आजाराबद्दल तिच्यात काय लिहिलंय हे फारच थोडे वाचतात. लपवलेल्या आजारावरचा दावा कंपनी नाकारू शकते. विमा सल्लागाराला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता औषधं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दौऱ्याआधी किमान महिनाभर भेटा. मुलाने जावं की नाही, हे त्यांनी सांगायचं. मी नाही, मागच्या बॅचच्या आईने तर नाहीच. त्यांच्याकडून इंग्रजीत पत्र घ्या आणि त्यात औषधाचं मूळ नाव असू द्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या औषधवाल्याला कळतीलच असं नाही. पंप दोन न्या. दोन्ही हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात. एक मुलाजवळ राहील, दुसरा कुठे ठेवलाय हे यजमान आईला पहिल्याच संध्याकाळी दाखवायचं. एडीएचडीसाठी (अतिचंचलता आणि लक्ष न लागणं) मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर विशेष सावध राहा : ते जर्मनीत अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याची चौकशी दूतावासाकडे वेळेत करा. आणि दोन क्रमांक मुलाला पाठ हवेत. जिवावरचं असेल तर ११२. तेवढं गंभीर नसेल, पण दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल, तर ११६ ११७.

कुटुंब नाकारेल ही भीती मी समजू शकते. एखादं कुटुंब नाकारतंही. त्यांच्या घरात तीन मांजरं असतील तर त्यांनी नाकारलेलंच बरं. मग शिक्षक दुसरं घर शोधतात. पत्रक कोण कोण वाचणार हे शाळेला जरूर विचारा. सोबतचे शिक्षक आणि यजमान पालक यांच्यापलीकडे ते जाता कामा नये, हा आग्रह धरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मी नववीत आहे. ए२ (जर्मनची दुसरी पातळी) पास झालोय. पण सर म्हणाले तिकडचे लोक श्वेबिश ही तिथली बोली बोलतात. मला काही कळलंच नाही तर?

पहिले दोन दिवस कळणार नाही, नंतर कळू लागेल. ‘बिटे लांगझाम’ (कृपया हळू) म्हण, हळू बोलतील. तुझ्याशी बोलताना बहुतेक लोक प्रमाण जर्मनकडे वळतातच. इंग्रजीवर मात्र उतरू नकोस. एकदा सवय लागली की तीन आठवडे इंग्रजीतच जातात.

एक खासगी संस्था म्हणते, दोन आठवड्यांत यजमान कुटुंबात राहून थेट बी१ पर्यंत (ए२ च्या पुढची पातळी) नेऊ, प्रमाणपत्रासह. शाळेच्या दौऱ्याऐवजी तिकडे पाठवावं का?

गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या अंदाजाने बी१ गाठायला एकूण ३५० ते ६५० तासिका लागतात, ४५ मिनिटांची एक. दोन आठवड्यांत रोज चार तासिका, शनिवार-रविवार सोडून, धरल्या तर चाळीस होतात. उरलेल्या कुठून आणणार? आणि ते ‘प्रमाणपत्र’ कुणाचं, हेही बघा. संस्थेने स्वतःच्या कागदावर छापलेल्या हजेरीच्या दाखल्याला पुढे कुणी विचारत नाही. भाषेची भीड चेपणं, कान तयार होणं, हा अशा दौऱ्याचा खरा लाभ आहे आणि तो मोठा आहे. ‘यजमान कुटुंब’ या नावाखाली प्रत्यक्षात वसतिगृह तर नाही ना, हे पत्ता मागून तपासा. पैसे भरण्याआधी मुलाच्या जर्मनच्या शिक्षकांना माहितीपत्रक दाखवा.

रोज रात्री व्हिडिओ कॉल केला तर चालेल ना? जेवणं झाली की निवांत बोलता येतं.

तुमचे रात्रीचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे सात. घर जेवायला बसलेलं असतं आणि तुमचं मूल ताट सोडून खोलीत फोनवर. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी बोला. मूल पहिल्या तीन-चार दिवसांत रडवेलं झालं तर बहुतेकदा ते आपसूक निवळतं. निवळलं नाही तर सोबतच्या शिक्षकांना कळवा, यजमानांना परस्पर फोन करू नका.

ज्या घरी मुलगी राहणार त्या घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे. विचारणं अपमानास्पद वाटेल का?

मुळीच नाही. विचारा, आणि मुलगा पाठवत असाल तरी विचारा. स्वतंत्र खोली आहे का, तिला आतून कडी लागते का, शाळेतल्या कुणी ते घर पाहिलं आहे का, अडचण आल्यास दुसरं कुटुंब तयार आहे का? जर्मनीत मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी पोलीस नोंदींचं विस्तारित प्रमाणपत्र २०१० पासून आहे. यजमानांकडून ते घेतलं आहे का, हे शाळेला स्पष्ट विचारा. उत्तरांनी समाधान झालं नाही तर घर बदलून मागा. मुलीला एवढं पक्कं सांगून ठेवा : अवघडल्यासारखं वाटलं तर कारण शोधत बसायचं नाही, पुरावा लागत नाही, शिक्षकांना लगेच फोन. पाहुणी म्हणून गप्प बसायचं नाही.

मुलीचा ताबा माझ्याकडे आहे, वडील संपर्कात नाहीत. संमतीपत्रावर दोघांच्या सह्या मागितल्यात. नातेवाईक म्हणतात, कुणीही सही करेल.

असं अजिबात करू नका. तो गुन्हा आहे. ताब्याचा न्यायालयीन आदेश असेल तर त्याची प्रमाणित प्रत घेऊन वकिलांना भेटा, आणि दूतावासाला आणखी काय लागेल ते व्हिसा केंद्राकडून समजून घ्या. हे काम याच आठवड्यात सुरू करा.

परतभेटीला जर्मन मुलगी आमच्याकडे येणार. आमचं वन बीएचके आहे. तिला हॉटेलात ठेवलं तर?

नको. तिला तुमचं घर हवंय. तुमच्या मुलीशेजारी स्वतंत्र गादी, कपडे बदलायला आडोसा, पिण्याचं शुद्ध पाणी आणि बाथरूम कसं वापरायचं हे न लाजता दाखवणारं कुणीतरी, एवढं पुरतं. जागा खरंच अपुरी वाटत असेल तर जोड्या ठरण्याआधीच शिक्षकांना सांगा. एक गोष्ट मात्र बहुतेक यजमानांना माहीतच नसते : परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावर करावी लागते, खासगी घरांनासुद्धा. ती कशी करायची हे शाळेकडून किंवा स्थानिक पोलीस ठाण्यातून आधीच समजून घ्या.

यजमानांसाठी हापूसची पेटी आणि पेढे पाठवायचे आहेत.

दोन्ही नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत आणि आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तूपही घरीच ठेवा. हातमागाचं टेबलक्लॉथ द्या, किंवा मुलाने स्वतः जर्मनमध्ये लिहिलेली दोन पाककृतींची वही.

पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतो. दौरा जूनच्या मध्यापर्यंत आहे. नंतर नूतनीकरण केलं तर चालेल?

चालणार नाही. शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो. तुमच्या बाबतीत म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. अठरा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, म्हणून हा घोळ दर वर्षी कुणाचा ना कुणाचा होतो, आणि नेमका व्हिसाच्या अपॉइंटमेंट मिळेनाशा झाल्यावर लक्षात येतो. आजच अर्ज करा. नवीन पासपोर्ट हाती आला की त्याचा क्रमांक त्याच दिवशी शाळेला आणि विमा कंपनीला कळवा. निमंत्रणपत्रात जुना क्रमांक गेला असेल तर ते पत्र जर्मनीहून पुन्हा मागवावं लागतं.