फोटोत काळा घोडा आहे का, ते आधी बघा

प्रश्न : सासऱ्यांची ट्रंक आवरताना मुंबईच्या वॉटसन हॉटेलचे तीन फोटो सापडले. एक जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, पिवळा पडलेला. दुसऱ्याच्या कडा आरशासारख्या चमकतात. तिसरा फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. मागे फक्त ‘फोर्ट’ लिहिलंय. हे कुठल्या काळातले? पुसून लॅमिनेट करू का? मुलगा म्हणतो, मोडकळीला आलेल्या इमारतीचे फोटो ठेवून करायचंय काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, लॅमिनेशनचं आधी डोक्यातून काढून टाका. एकदा प्लास्टिक चढलं की ते फोटोला इजा न करता निघत नाही. ओल्या फडक्याने पुसूही नका. मऊ, कोरड्या ब्रशने वरची धूळ हलकेच झाडा, तेवढं पुरे.

आता काळाचं. पुठ्ठ्यावरचा फोटो भिंगातून बघा. कागदाचे धागे दिसत असतील आणि आकाशाचा भाग पिवळसर-तपकिरी झाला असेल, तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्यावर केलेला अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. तो कागद फार पातळ असतो आणि लगेच गुंडाळतो, म्हणून तेव्हा पुठ्ठ्यावर डकवत. पुठ्ठ्यावरून तो सोडवू नका. स्टुडिओचं नाव असलं तर तिथेच असतं. कडा चमकणारा दुसरा फोटो जिलेटिनचा, त्यामानाने नवा. ती चमक म्हणजे फोटोतली चांदी वर आलेली असते. ती घासायची नाही.

पण माझा खरा भरवसा चित्रातल्या वस्तूंवर. समोरच्या चौकात घोड्यावर स्वार असलेला पुतळा दिसतो का? तोच काळा घोडा. चौकाला नाव पडलं ते त्यावरूनच. पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला आणि १९६५ मध्ये तिथून हलवला. आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये चौकात परत घोडा आला, पण त्यावर स्वार नाही. चौक स्पष्ट दिसतोय आणि पुतळा नाही, तर फोटो १८७९ च्या आधीचा किंवा १९६५ नंतरचा. मग रस्ता बघा. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. ट्रामच्या डोक्यावर तारा असतील तर फोटो १९०७ च्या अलीकडचा. त्याच रांगेतलं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० चं आहे, तेही शोधा.

मुलाच्या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो. रोलंड ऑर्डिश यांनी आराखडा केलेली ही इमारत बिडाची. तिचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन झाली, खोल्याखोल्यांत वकिलांची ऑफिसं थाटली गेली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली. १९८७ मध्ये कामानिमित्त मी तिचे लाकडी जिने कितीदा चढलो. पिशवीत कॅमेरा असायचा, तरी फोटो काढला तो फक्त रस्त्यावरून, एकच. सज्जांचे कठडे, खांबांची नक्षी, त्यांखालचे आधार यांतलं काहीच मी जवळून टिपलं नाही. ही खंत आजही जात नाही. पुढेमागे दुरुस्ती करायची ठरली, तर मुळात कठडा कसा होता, कुठला सज्जा मोकळा होता आणि कुठला नंतर बंद केला, हे कारागिराला अशाच फोटोंवरून सांगता येईल. मुलाला हे नक्की वाचून दाखवा.

तिसरा फोटो काचेवरून ओढू नका, चित्राचा थर काचेलाच राहील. काचेसकट स्कॅन करा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. काळा घोडा चौकाजवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. बाकीचे दोन सपाट स्कॅनरवर किमान ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफ फाईल ठेवा. कडा कापू नका, पुठ्ठ्याची पाठही स्कॅन करा. नंतर आम्लमुक्त कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत घालून कोरड्या कपाटात ठेवा. ट्रंकेत परत नको, तिथे पावसाळ्यात बुरशी धरेल.

आणि सासरे फोर्टात कशासाठी जात होते, हे सांगणारं कोणी वडीलधारं घरात असेल तर याच आठवड्यात विचारून घ्या. जे कळेल ते फोटो आत घालण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने लिहा.