डॉक्टरांनी बंदुकीचं का विचारावं?

प्रश्न : झोप लागेना म्हणून नाशिकला मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘घरात बंदूक आहे का?’ मळ्यात राहतो, बिबट्याची भीती. परवान्याची बारा बोअर आहे. त्यांना काय करायचंय? पोलिसांना कळवतील का?
– एक द्राक्षबागायतदार, निफाड

उत्तर : दादा, राग समजतो. पण मीही हे विचारते. फवारणीची औषधं कुठे ठेवता, हेही विचारते. रात्री तीनला मन बुडतं तेव्हा हाताशी काय आहे, त्यावर जीव जातो किंवा वाचतो. तो झटका पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो.

उत्तराची सक्ती नाही. सांगितलंत तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ ते गुप्त ठेवायला लावतं. जिवाला धोका असेल तर मात्र आवश्यक तेवढं सांगता येतं. अमेरिकेत फ्लोरिडाने २०११ मध्ये या प्रश्नावरच बंधनं घातली होती. न्यायालयाने २०१७ मध्ये ती बहुतांशी रद्द केली.

सध्या काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा, किल्ली वहिनींकडे. झोप येईपर्यंत बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येईल का, तेही बघा. आणि तुमचा केसपेपर कोण कोण वाचतं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.